युरोपा बार्बारोरम २ : बॅक्ट्रिया घेऊन खेळताना टर्न संपवला की गेम उडतो

दक्षिणवारा

मंडळी, टोटल वॉर ही कॉम्प्युटरवरच्या युद्ध-गेम्सची मालिका खेळणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून धागा काढतोय. त्यातल्या मेडिव्हल २ वर चालणारा युरोपा बार्बारोरम २ हा मॉड (म्हणजे हौशी लोकांनी मूळ गेम बदलून केलेली आवृत्ती; पुढे नुसतं ईबी म्हणतो) सध्या खेळतोय. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: मोहीम इ.स.पू. २७२ ला सुरू होते, इ.स. १४ पर्यंत चालते, वर्षाला चार टर्न (आपली चाल आणि मग बाकीच्यांची, असा एक फेरा). म्हणजे शेवटापर्यंत गेलात तर अकराशेहून जास्त टर्न. रोम, कार्थेज, सेल्युकस आणि टॉलेमीची राज्यं, गॉल, शक, पार्थियन, सगळे आहेत.

मी बॅक्ट्रिया (हिंदुकुशाच्या उत्तरेचं ग्रीक राज्य) घेतलंय. सुरुवातीची कंगाली सरली, हिंदुकुशाच्या दोन्ही बाजूंना पाय रोवले, घोडदळ उभं राहिलं आणि आता इ.स.पू. २४८ च्या हिवाळ्यात येऊन अडकलोय. टर्न संपवला की बाकीच्यांच्या चाली सुरू होतात आणि मध्येच 'अनस्पेसिफाइड एरर'ची चौकट येऊन गेम बंद. पुन्हा लोड केलं तरी त्याच जागी.

याशिवाय मोठ्या लढाईत, विशेषतः दोन्हीकडून दोन-दोन फौजा उतरल्या की, कधीकधी अर्ध्यात उडतो. कॉम्प्युटर चांगला आहे, १६ जीबी रॅम आहे, ग्राफिक्स कार्डही बरं आहे.

हे दुरुस्त होतं का? की ही मोहीम सोडून नवी सुरू करू? राज्य इतकं छान बसलंय की सोडवत नाही.

सारीपाट

सोडू नका. आधी या दोन तक्रारी वेगळ्या करा, कारण त्यांची कारणं बहुतेक वेगळी आहेत.

लढाईतला क्रॅश मेमरीचा दिसतो. तुमची रॅम १६ असो की ६४, या गेमला त्याचा उपयोग नाही. मेडिव्हल २ हा २००६ चा ३२ बिटी प्रोग्रॅम आहे आणि विंडोज अशा प्रोग्रॅमला मुळात २ जीबीच देते. ईबीमध्ये प्रत्येक तुकडीचे चेहरे, चिलखतं, ढालींवरची चित्रं वेगवेगळी आहेत. चार फौजा एका मैदानात आल्या की ते २ जीबी भरतात आणि गेम पडतो. यावर ४ जीबी पॅच नावाचा चिमुकला प्रोग्रॅम मिळतो. तो गेम सुरू करणाऱ्या मूळ ईएक्सई फाइलवर एक खूण करतो, की बाबा, हा प्रोग्रॅम मोठे पत्ते वापरू शकतो. ६४ बिटी विंडोजवर मग त्याला ४ जीबी मिळतात. मेडिव्हल२ आणि किंगडम्स (त्याची पुरवणी), दोन्ही ईएक्सईंवर चालवा. आधी दोन्हींची प्रत बाजूला काढून ठेवा. आणि स्टीमवर 'फाइल्स तपासा' केलंत की मूळ ईएक्सई परत येते, म्हणजे पॅच पुन्हा लावावा लागतो, हे लक्षात असू द्या.

टर्नचा क्रॅश दर वेळी एकाच जागी होतोय, म्हणजे तो मेमरीचा असण्याची शक्यता कमी. मेमरीचे क्रॅश असे नेम धरून येत नाहीत. तिथे काहीतरी ठरावीक घडतंय आणि गेमला ते पेलत नाहीये.

मुलुखगिरी

सारीपाट यांच्याशी सहमत. टर्नच्या क्रॅशसाठी माझी नेहमीची युक्ती: चार-पाच टर्न मागचा सेव्ह उघडा आणि काहीतरी वेगळं करा. एखादी फौज दुसरीकडे हलवा, एखादी तुकडी बरखास्त करा, एखादा वकील दुसऱ्या दरबारी पाठवा. बऱ्याचदा क्रॅश एआयच्या, म्हणजे कॉम्प्युटर चालवतो त्या पक्षांच्या, आपापसातल्या एखाद्या लढाईमुळे असतो. तुम्ही थोडं हललात की पुढचे फासे वेगळे पडतात आणि ती लढाईच होत नाही.

शिवाय मॉडच्या नकाशाच्या फोल्डरमधली 'मॅप.आरडब्ल्यूएम' फाइल पुसून टाका. घाबरू नका, गेम ती पुढच्या वेळी स्वतः नव्याने बनवतो. पहिल्यांदा लोड व्हायला वेळ लागेल तेवढाच.

आणि सेव्ह दर वेळी नव्या नावाने करत जा. एकाच नावावर सेव्ह करत गेलात तर मागे जायला जागाच उरत नाही.

कोरीपाटी

मी यातलं काहीच खेळलेलो नाही. पण वाचताना मजा येतेय. हा मॉड नवख्याने घ्यावा का? की आधी मूळ गेम खेळावा?

अटकेपार

कोरीपाटी, बिनधास्त घ्या, आणि तक्षशिला घेऊन सुरू करा. पश्चिमेकडे फौज निघाली की पहिल्याच मोहिमेत सिंधू ओलांडून अटकेपार झेंडा! माझ्या आयडीचं सार्थक त्याच मोहिमेत झालं :)

दक्षिणवारा, तुमच्या नकाशावर तक्षशिला अजून जिवंत आहे का? माझ्या बॅक्ट्रियाच्या मोहिमेत तिने काबूलच्या खोऱ्यात मला फार छळलं होतं.

दक्षिणवारा

जिवंत आहे आणि तगडी आहे. हत्ती घेऊन खिंडीपाशी बसलीय. मी तिच्याशी तह करून ठेवलाय, कारण पश्चिमेला सेल्युकस आणि उत्तरेला शक असताना तिसरं तोंड उघडायची ताकद नाही.

पॅच आज रात्री लावतो. मुलुखगिरी यांची युक्तीही करून बघतो.

शिलालेख

तक्षशिलेचा विषय निघालाच आहे तर मनातलं बोलतो. इ.स.पू. २७२ मध्ये तक्षशिला मौर्यांच्या ताब्यात होती. तिला स्वतंत्र पक्ष म्हणून दाखवणं मला पटत नाही. सेल्युकस आणि चंद्रगुप्ताच्या तहात सिंधूपलीकडचे मुलूख मौर्यांना मिळाले आणि बदल्यात ५०० हत्ती सेल्युकसाला गेले, हे ग्रीक लेखकांनीच लिहून ठेवलंय. आणि मॉडचा काळ तर थेट अशोकाचा. तेराव्या शिलालेखात अशोक पाच यवन राजांची नावं घेतो: अंतियोक, तुरमाय, अंतिकिनि, मक आणि अलिकसुदर. म्हणजे सेल्युकस घराण्याचा अँटिओकस, इजिप्तचा टॉलेमी, मॅसिडोनियाचा अँटिगोनस, सायरीनीचा मॅगस आणि पाचवा बहुधा एपिरसचा अलेक्झांडर. मॉडमध्ये ज्या दरबारांशी तुम्ही लढता-भांडता, जवळजवळ ती सगळी यादी एका भारतीय राजाने दगडावर कोरून ठेवलीय. असा राजा नकाशावर नसावा याचं वाईट वाटतं.

चौसष्टघरे

शिलालेख, मुद्दा योग्य आहे, पण इंजिनाची मर्यादा बघा. मेडिव्हल २ मध्ये समुद्र धरून २०० च प्रांत करता येतात आणि बंडखोर धरून ३१ च पक्ष. त्यात ब्रिटनपासून सिंधूपर्यंत सगळं कोंबायचं. गंगेचं खोरं घ्यायचं तर गॉल किंवा अनातोलियातले प्रांत कमी करावे लागतील. मौर्यांचं राज्य नकाशाच्या कडेला अर्धंच दिसलं असतं तर एआयने त्याचं काय केलं असतं? पाटलिपुत्र नकाशाबाहेर आणि फौजा मात्र आत, हे आणखी विचित्र. सरहद्दीवरची सत्ता म्हणून तक्षशिला ठेवली, ही मला तरी समजूतदार तडजोड वाटते. बिंदुसाराच्या काळात तिथे बंड झाल्याच्या कथा बौद्ध ग्रंथांत आहेतच, म्हणजे ते शहर पाटलिपुत्राच्या मुठीत कायम निमूट बसलं होतं असंही नाही.

शिलालेख

तडजोड आहे हे मान्य. पण मग मौर्यांचा दबाव तरी स्क्रिप्टमधून (मॉडमध्ये ठरलेल्या घटना घडवणाऱ्या आज्ञांमधून) जाणवायला हवा. पूर्वेकडून कुणीच येत नाही, त्यामुळे तक्षशिला सगळी ताकद पश्चिमेला लावते आणि बॅक्ट्रियाचा जीव जातो. इतिहासात उलटं झालं. मौर्यांची सत्ता ढासळल्यावर, इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला बॅक्ट्रियाचे ग्रीकच डिमेट्रियसच्या नेतृत्वाखाली हिंदुकुश ओलांडून इकडे आले.

चौसष्टघरे

यावर मात्र +१.

राऊत_७

मंडळी, मौर्यच खेळायचे असतील तर इम्परेटर रोम घ्या आणि त्यावर इन्व्हिक्टस मॉड लावा. मोहीम इ.स.पू. ३०४ ला सुरू होते, नकाशा भारतापर्यंत आहे आणि चंद्रगुप्त गादीवर आहे. २०२१ मध्ये कंपनीने गेमचं काम थांबवलं, तेव्हा हौशी लोकांनी तो मॉडमधून जिवंत ठेवला.

नाहीतर रोम २ वरचा डिव्हाइड एट इम्पेरा (डीईआय). त्यात लोकसंख्येचे चार थर आहेत. उमरावांमधून घोडदळ, सामान्यांमधून पायदळ, आणि माणसं मेली की ती परत भरून यायला वर्षं लागतात. फौजेला रसद लागते, परक्या मुलखात हिवाळ्यात राहिलात की उपासमार. स्टीम वर्कशॉपवरून दोन-तीन क्लिकमध्ये लागतो. हे पॅच, पुसापुशी, काही लागत नाही. इतकी झटापट करून ईबीच का, हे मला खरंच कळत नाही.

सारीपाट

राऊत, डीईआय मीही खेळतो आणि रसदेची कल्पना मला फार आवडते. पण काही करायला लागत नाही असं नाही. त्याचे भाग योग्य क्रमाने लागले पाहिजेत, उपमॉड वर की खाली हे बघावं लागतं, आणि नवी आवृत्ती आली की जुन्या सेव्हची खात्री नसते. मॉड म्हटलं की हे आलंच.

ईबीच का, याचं माझं उत्तर असं. जिंकलेल्या शहरात कसली राजवट बसवायची हा प्रश्न ईबी इतका गंभीरपणे दुसरं कुणी विचारत नाही. स्वतःचा अंमल लावायचा, मित्रराज्य ठेवायचं की आपली माणसं आणून वसाहत करायची? यातलं काय निवडलं त्यावर तिथून कुठली फौज मिळेल ते ठरतं. बॅक्ट्रियात फालांक्स (लांब भालेवाल्यांची दाट रांग) उभी करायची तर फालांक्स लढणारे ग्रीक आधी तिथे राहायला हवेत. नुसती बराक बांधून भागत नाही. आणि गोष्ट खरी आहे. ऑक्सस नदीकाठी आय खानूमला नाट्यगृह आणि व्यायामशाळा असलेलं अख्खं ग्रीक शहर उत्खननात निघालं. डेल्फीहून उतरवून आणलेली नीतिवचनं तिथे दगडावर कोरली होती. आपण गेममध्ये वसाहतीचं बटण दाबतो तेव्हा मला ते शहर आठवतं.

गजदळ

धागा वाचून राहवलं नाही. हत्तींबद्दल कुणीच नीट बोलत नाहीये!

दक्षिणवारा, तक्षशिलेशी तह टिकवा पण हत्ती मिळवा. घोड्यांना हत्तीचा वास सहन होत नाही, हे मॉडमध्येही आहे. सेल्युकसांचं जड घोडदळ अंगावर आलं की त्याच्यासमोर दोन तुकड्या उभ्या करा, धडकेतला जोर निघून जातो. मात्र हत्ती आपल्या फालांक्सच्या मागे किंवा मध्ये कधीही ठेवू नका. इ.स.पू. १९० मध्ये मॅग्नेशियाला तिसऱ्या अँटिओकसने तेच केलं होतं. रोमनांनी फालांक्सवर दुरून मारा केला, मधले हत्ती बिथरले आणि त्यांनी आपलीच रांग फोडली. कार्थेजच्या हसद्रुबालने तर माहुतांना छिन्नी आणि हातोडा देऊन ठेवला होता, हत्ती उलटला की मानेत ठोकायला. लिव्हीने लिहिलंय.

हत्ती ठेवायचे ते आपल्या दोन टोकांना, फळीपासून चांगले दूर, थोडे पुढे. तिथून बिथरले तरी मोकळ्या रानात जातील.

दक्षिणवारा

गजदळ, हे लगेच टिपून घेतलं.

प्रगती कळवतो. ४ जीबी पॅच लावला, आणि लढाई थेट चार फौजांची खेळून बघितली. मर्व्हच्या बाहेर सेल्युकसांचे दोन सेनापती, माझे दोन. एकदाही अडकली नाही, धूळ आणि भाल्यांची रांग शेवटपर्यंत सुरळीत. सारीपाट, अनेक आभार, हा प्रश्न मिटला.

टर्नचा मात्र तसाच आहे. पाच टर्न मागे गेलो, फौज हलवली, एक सेनापती दुसऱ्या शहरात पाठवला, नकाशाची फाइल पुसली. इ.स.पू. २४८ चा हिवाळा आला की पुन्हा तेच.

मुलुखगिरी

म्हणजे एआयची लढाई नाही. लढाई असती तर इतकं बदलल्यावर टळली असती. तारखेला बांधलेलं काहीतरी आहे.

सारीपाट

बरोबर. आता लॉग, म्हणजे गेम स्वतः लिहून ठेवतो ती नोंद, वाचायला हवा. मॉडच्या फोल्डरमध्ये एक सीएफजी (सेटिंगची) फाइल आहे, ती नोटपॅडमध्ये उघडा. त्यात लॉगचा विभाग सापडेल. तिथे पातळी 'एरर' असेल ती 'ट्रेस' करा, सेव्ह करा आणि गेम चालवून तो क्रॅश होऊ द्या. मग लॉग्स फोल्डरमधली सिस्टिम लॉगची फाइल उघडून थेट तळाशी जा. फाइल प्रचंड मोठी असते, वरचं काही वाचत बसू नका. शेवटच्या दहा-पंधरा ओळी इथे टाका. काम झालं की पातळी परत 'एरर'वर आणा, नाहीतर गेम रांगायला लागतो.

निशाचर

लॉगबद्दल एक भर. प्रत्येक 'मिळालं नाही' वाली ओळ म्हणजे गुन्हेगार नव्हे. गेम एकच फाइल आधी मॉडच्या फोल्डरमध्ये शोधतो, मग मूळ गेममध्ये. त्यामुळे चांगल्या चाललेल्या गेमच्या लॉगमध्येही अशा ओळींचा खच पडलेला असतो. अगदी शेवटची, क्रॅशच्या सेकंदाची ओळ बघायची.

कोरीपाटी

तुम्ही सगळे बोलताय ते वाचून मॉड उतरवून घेतला. मेडिव्हल २ आणि किंगडम्स आधीच घेतलेलं होतं. कुठल्या पक्षापासून सुरू करू? रोम सोपं का?

अटकेपार

तक्षशिला! दुसरं काय सांगणार?

चौसष्टघरे

अटकेपार यांचा उत्साह कळतो, पण नवख्याला तक्षशिला अवघड जाईल. कोपऱ्यात असल्याने पाठ सुरक्षित आहे हे खरं, पण डोंगर, लांबलचक अंतरं आणि चहूकडे धनुर्धारी घोडेस्वार.

रोम घ्या, कोरीपाटी. इटली सलग आहे, रस्ते जवळचे आहेत, आणि फौजेची तीन रांगांची रचना शिकायला सोपी: हस्ताती पुढे, प्रिंकिपेस मधे, त्रिआरी मागे राखीव. सैन्याच्या सुधारणा पुढे टप्प्याटप्प्याने येतात, पॉलिबियसच्या काळची फौज, मग मारियसची, मग ऑगस्टसची. त्या याव्यात म्हणून घाईने प्रांत गिळू नका. मोहिमेची काठिण्यपातळी हवी तेवढी वर न्या, पण लढाईची मध्यमच ठेवा. लढाईची पातळी वाढवली की समोरचे शहाणे होत नाहीत, नुसते जास्त बळकट होतात. मग तुकड्यांचा मॉडवाल्यांनी मेहनतीने साधलेला समतोल बिघडतो.

राऊत_७

रोम घेतलंत तर तारेंतममध्ये पहिली परीक्षा होईल. एपिरस घेतलंत तर पिऱ्हस हाताशी मिळतो, त्या काळातला सर्वांत नावाजलेला सेनापती. फक्त त्याला आर्गोसच्या गल्लीबोळांत नेऊ नका. इ.स.पू. २७२ मध्येच तिथे एका बाईने छपरावरून कौल फेकून मारलं आणि त्यात तो संपला.

गजदळ

आणि त्याच लढाईत त्याचा एक हत्ती वेशीत आडवा पडून वाट अडली होती. प्लुटार्कने लिहिलंय. हत्ती शहरात नेऊ नयेत, हेच मी सांगत असतो.

दक्षिणवारा

लॉग वाचला. शेवटच्या ओळी बघितल्या. स्क्रिप्टमधल्या एका घटनेची ओळ आहे, तिच्यानंतर लगेच 'डेटा मिसिंग'ची ओळ: मॉडच्या डेटा फोल्डरमधलं, घटनांच्या चित्रांमधलं एक टीजीए चित्र मिळालं नाही. त्यापुढे काहीच नाही, लॉग तिथेच तुटलाय.

गंमत म्हणजे त्या फोल्डरमध्ये जाऊन पाहिलं तर फाइल तिथे दिसतेय! नावही बरोबर आहे. मग मिळत का नाही?

निशाचर

त्या फाइलच्या चिन्हापाशी छोटा ढग दिसतोय का?

दक्षिणवारा

हो! काही फाइल्सवर ढग, काहींवर हिरवी खूण.

निशाचर

मग सापडलं. गेम तुम्ही डॉक्युमेंट्स किंवा डेस्कटॉपच्या आत कुठेतरी ठेवलाय आणि कॉम्प्युटरवर त्या फोल्डरचा आपोआप क्लाउड बॅकअप चालू आहे. असे प्रोग्रॅम डिस्कवर जागा वाचावी म्हणून बरेच दिवस न उघडलेल्या फाइल्स फक्त वर ठेवतात. खाली नाव दिसतं, पण फाइल नसते. एरवी तुम्ही फाइल उघडलीत की ती उतरते. पण गेमला ती वेळेत मिळेलच असं नाही, आणि इंटरनेट बंद असेल तर ती उतरणारच नाही. रोजच्या फाइल्स गेम सारखा वाचतो म्हणून त्या खालीच राहिल्या. हे चित्र मोहिमेत पहिल्यांदाच लागलं, ते इ.स.पू. २४८ मध्ये.

उपाय: त्या प्रोग्रॅममध्ये गेमच्या फोल्डरवर 'नेहमी या कॉम्प्युटरवर ठेवा' हा पर्याय असतो, तो निवडा आणि सगळं उतरेपर्यंत थांबा. त्याहून बरं म्हणजे अख्खा गेम तिथून हलवा. थेट ड्राइव्हच्या मुळाशी 'गेम्स' असा साधा फोल्डर करा. प्रोग्रॅम फाइल्समध्ये नको, तिथे विंडोज लिहायला आडकाठी करते आणि सेव्ह, लॉग वगैरे भलतीकडे जातात. आणि फोल्डरचं नाव साध्या रोमन अक्षरांत, छोटं. २००६ च्या प्रोग्रॅमला देवनागरी नावाचा फोल्डर झेपत नाही.

सारीपाट

निशाचर, मानलं. हे माझ्या डोक्यातही आलं नसतं.

दक्षिणवारा, हलवताना सेव्हचा फोल्डर आधी वेगळा काढून ठेवा. सेव्ह त्याच आवृत्तीच्या मॉडला चालतात, त्यामुळे मॉड नव्याने उतरवावा लागला तर तीच आवृत्ती घ्या. नवी आवृत्ती जुन्यावर ओतू नका.

मुलुखगिरी

वाखू (वाचनखूण) साठवली. मला आठवतंय, अशीच लक्षणं असलेले धागे मी पूर्वी वाचलेत आणि सगळ्यांनी 'नवी मोहीम सुरू करा' असंच सांगितलं होतं.

दक्षिणवारा

झालं! गेम सगळा हलवला, ढग गेले, टर्न पुढे सरकला. इ.स.पू. २४७ चा वसंत उजाडला. ते चित्रही बघायला मिळालं. निशाचर, सारीपाट, मुलुखगिरी, सगळ्यांचे मनापासून आभार. शंभरेक टर्नांचं राज्य वाचलं.

आता खरा प्रश्न. पार्थियन उत्तरेकडून खाली सरकतायत आणि सेल्युकस इजिप्तशी झुंजण्यात गुंतलेत. मी पश्चिमेकडे हात मारू की गप्प बसू? सेल्युकसांच्या त्या करड्या रंगाने अर्धा नकाशा भरलाय, बघूनच धडकी भरते.

चौसष्टघरे

पहिल्या ईबीपासून खेळणारे त्यांना 'करडा मृत्यू' म्हणतात ते उगाच नाही. पण तो मृत्यू पश्चिमेत अडकलाय तोवर तुम्ही मर्व्ह आणि हेरात घट्ट धरा. तिथे वसाहती करा, तटबंदी करा. खुद्द इतिहासात बॅक्ट्रियाचा सुभेदार डायोडोटस याच सुमारास, इ.स.पू. २५० च्या आगेमागे, सेल्युकसांपासून वेगळा झाला, कारण त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. पण वेगळा होऊन तो बॅबिलॉनवर चालून गेला नाही, आपल्याच मुलखात बस्तान बसवलं. म्हणून पुढे तिसरा अँटिओकस इ.स.पू. २०८ मध्ये आला आणि बॅक्ट्राला दोन वर्षं वेढा घालून बसला तरी ते राज्य टिकलं.

राऊत_७

मी असतो तर पार्थियनांना आताच ठेचलं असतं. ते एकदा इराणच्या पठारावर उतरले की तुमच्या फालांक्सला धनुर्धारी घोडेस्वार हात लावू देणार नाहीत. डोंगरात असेपर्यंतच ते पकडता येतात.

गजदळ

ठेचायला जाताना फालांक्स कमी न्या. धनुर्धारी आणि गोफणवाले पायदळ जास्त न्या, त्यांचा पल्ला घोड्यावरच्या धनुष्यापेक्षा बरा पडतो. फालांक्सला 'हल्ला' म्हणून शत्रूवर क्लिक करू नका. नुसतं हव्या त्या जागी चालवत न्या, उभं करा, पहारा पद्धत चालू ठेवा. क्लिक केलंत की रांग मोडते आणि प्रत्येक जण एकेकट्याने लढायला लागतो. इ.स.पू. १६८ मध्ये पिड्नाला खडबडीत जमिनीवर रांगेत भेगा पडल्या आणि रोमन त्या भेगांतूनच आत शिरले.

शिलालेख

दक्षिणवारा, माझी एक विनंती. कंदहार घ्या, पण तक्षशिलेशी तह मोडू नका. तिथे अशोकाचे लेख ग्रीक भाषेत सापडलेत, त्यातला एक ग्रीक आणि अरामी अशा दोन लिप्यांत. म्हणजे त्या शहरात मौर्यांची प्रजा म्हणून ग्रीक माणसं राहत होती. तुमच्या मोहिमेत ते शहर दोघांच्या मधलं, शांततेचं ठाणं राहिलं तर मला फार बरं वाटेल.

दक्षिणवारा

शिलालेख, कंदहार सध्या सेल्युकसांकडे आहे. घेतलं की तिथे मित्रराज्य ठेवतो, माझा अंमल लावत नाही. कबूल.

पार्थियनांबद्दल राऊत यांचं ऐकतो. वसंतातच निघतो, हिवाळ्यात डोंगर ओलांडायचा नाही.

कोरीपाटी

रोम सुरू केलं. तारेंतम घेतलं. पण टर्न संपायला फार वेळ लागतो, हे नॉर्मल आहे का? की माझ्याकडेही ढग आहे?

निशाचर

तुमचा फोल्डर कुठे आहे ते सांगा. ड्राइव्हच्या मुळाशी असेल तर चिंता नाही, ईबीचा टर्न सावकाशच चालतो. तीसेक पक्ष चाली करतात आणि मागे मोठी स्क्रिप्ट धावत असते. सेटिंगमध्ये एआयच्या फौजा पडद्यावर फिरताना दाखवण्याचा पर्याय आहे, तो बंद करा, बराच वेळ वाचेल.